थंडीत गाडीचे बदललेले आवाज: बिघाड की ऋतूचा परिणाम?

प्रश्न (म्युनिक)
नमस्कार. पुण्याहून नोकरीनिमित्त येथे आल्यावर गेल्या उन्हाळ्यात मी एक जुनी, सहा सिलिंडरची, मॅन्युअल गिअरची स्पोर्ट्स कार घेतली. पारा ३ अंशांवर आल्यापासून सकाळी इंजिन जवळजवळ मिनिटभर, दर मिनिटाला १,२०० फेऱ्यांच्या वेगाने, घोगरे वाजते, सुरुवातीला दुसरा गिअर अडखळतो आणि पार्किंगमधून निघताना स्टिअरिंग पूर्ण वळवले की पुढची चाके टपटप उड्या मारत सरकतात. या उड्यांनी मी फार अस्वस्थ आहे. टायर उन्हाळी आहेत. गाडी गॅरेजमध्ये न्यावी का?

उत्तर १
उड्यांचे कारण बहुधा टायरमध्ये आहे. वळताना आतले चाक लहान वर्तुळात फिरते, म्हणून ते बाहेरच्या चाकापेक्षा अधिक वळायला हवे. परंतु वेगातील वळणांसाठी बेतलेल्या गाड्यांत पूर्ण वळणावर हे प्रमाण तंतोतंत जुळत नाही आणि चाक थोडे आडवे फरफटते. उबदार हवेत रुंद टायरचे मऊ रबर ती फरफट सोसून घेते. सुमारे ७ अंशांखाली ते कडक होते, त्यामुळे टायर रस्त्याला धरतो, ताणला जातो आणि एकदम सुटतो. यात यंत्राचे सहसा नुकसान होत नाही, परंतु ब्रेक लावतानाही रबर तितकेच कडक असते आणि मला खरी चिंता त्याचीच वाटते. शिवाय जर्मनीत रस्त्यावर बर्फ असताना हिवाळी टायर बंधनकारक आहेत आणि ऑक्टोबर २०२४ पासून त्यांवर पर्वत व हिमकणाचे चिन्ह असावेच लागते. कृपया टायर लगेच बदलून घ्या.

उत्तर २
घोगरा आवाज मुद्दाम केलेल्या योजनेचा भाग आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) तापल्याखेरीज नीट काम करत नाही, म्हणून फेऱ्या वाढवून आणि ठिणगी उशिरा देऊन अधिक गरम वायू त्याच्याकडे पाठवले जातात. गिअरबॉक्सचे तेल थंडीत दाट होते, त्यामुळे गिअर जुळायला क्षणभर जास्त लागतो. तेथे जोर लावू नये. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापले असे समजू नका, कारण तेल त्यामागून बऱ्याच वेळाने तापते. ते ८० अंशांवर येईपर्यंत मी ३,५०० फेऱ्या ओलांडत नाही. त्यानंतरची थंडी मात्र मला मनापासून आवडते: शून्य अंशाची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के अधिक घन असल्यामुळे टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) नसलेले इंजिनही जोमाने ओढते.

उत्तर ३
टायरमधील हवाही तपासा; २० अंशांवर भरलेली हवा शून्याला सुमारे ३ पीएसआयने उतरते. गाडी पूर्ण तापल्यावरही गिअर अडखळला, किंवा सरळ रस्त्यावरही टकटक ऐकू आली, तरच गॅरेज गाठा.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचे आभार. हिवाळी टायर बसवल्यावर उड्या जवळपास थांबल्या आहेत आणि तेल तापल्यावर दुसरा गिअरही सहज पडतो.