मदत हवी आहे: नववीची मुलं इंग्रजी बोलायला तोंडच उघडत नाहीत

नागपुरात मानेवाड्याकडच्या मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला इंग्रजी (तृतीय भाषा) शिकवतो. वर्गात ५२ मुलं, तास ३५ मिनिटांचा. प्रोजेक्टर नाही, मोबाइल आणायला बंदी.

गंमत अशी, की इंग्रजी नको असं कुणीच म्हणत नाही. नोकरीसाठी हवी, बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) दुकानात भाव खायलाही हवी! पण उभं केलं की "सर, हासतेत ना सारे." ८० गुणांचा लेखी पेपर पाठांतरावर निघतो, अंतर्गत २० गुणही मिळून जातात. मग बोलायचं कशाला, हा त्यांचा हिशेब, आणि तो चुकीचा आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

जोड्या लावून संवाद करून पाहिले. दोन मिनिटांत गाडी वऱ्हाडीवर येते. चुका न टोकण्याचं ठरवलं, तेव्हा पुढच्या बाकांवरचे चौघेच बोलले. वक्तृत्व स्पर्धा सुचवू नका, तिथेही तेच चौघे असतात.

एवढ्या मोठ्या वर्गात, आठवड्यातून एकाच तासात, मागच्या बाकावरच्या मुलालाही निदान चार वाक्यं हसं न होता बोलता येतील, असा कुणी स्वतः वर्गात करून पाहिलेला उपक्रम आहे का? आणि तो करताना मुलांचे गट कसे पाडले?