मदत हवी आहे: लोकांनी मोठा केलेला पैलवान कंपनी नंतर जपते का?

मंडळी, डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीचे जुने चाहते असाल तर सांगा. २०१४ च्या रॉयल रंबलमध्ये (एकेक करून ३० पैलवान रिंगणात उतरतात ती लढत) शेवटच्या, ३० व्या क्रमांकावर डॅनियल ब्रायनची वाट बघणाऱ्या लोकांनी, रे मिस्टेरिओ दिसताच, एवढ्या लाडक्या माणसाचीही हुर्यो उडवली. शेवटी रेसलमेनिया ३० ला, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात, ब्रायननेच किताब जिंकला. २०१९ मध्ये मुस्तफा अली जखमी झाला, त्याच्या जागी आलेल्या कोफी किंग्स्टनला लोकांनी डोक्यावर घेतलं. रेसलमेनियात किताब मिळाला, पण ऑक्टोबरमध्ये ब्रॉक लेस्नरने त्याला काही सेकंदांत संपवलं. अकरा वर्षं राबलेला माणूस हो, फार लागलं मनाला! असा अचानक वर आलेला पैलवान कंपनीने पुढेही नीट सांभाळला, अशा लढती कोणत्या? वर्षासकट सांगा, सगळ्या बघायच्या आहेत.