रिझॉल्व्हमध्ये आवाज येतो, चित्र नाही

हळदीचाकॅमेरा: लग्नाचं शूट आहे. दुकानात विंडोजवर प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये सगळं व्यवस्थित चालतं. घरी उबुंटूवर (लिनक्सवर) मोफत दाविंची रिझॉल्व्ह टाकलंय, तेही एडिटिंगचंच सॉफ्टवेअर. तिथे सोनीच्या क्लिपांचा नुसता आवाज येतो, चित्रच नाही. नवरीच्या भावाच्या मोबाइलच्या क्लिपांना तर दोन्ही नाही. फायली खराब झाल्यात का? पार्टी रोज फोन करतेय हो.

कटमास्तर: फायली धडधाकट आहेत. लिनक्सवरचं मोफत रिझॉल्व्ह एच.२६४ (दाबून साठवलेल्या चित्राचा प्रकार) उघडतच नाही, एएसी (दाबून साठवलेला आवाज) पण नाही. सोनीचा एक्सएव्हीसी-एस हा फाइल-प्रकार आवाज पीसीएममध्ये, म्हणजे न दाबता, ठेवतो म्हणून तो तेवढा ऐकू येतो. एफएफएमपेग या फायली बदलणाऱ्या प्रोग्रॅमने सगळ्याचं डीएनएक्सएचआर (एडिटिंगसाठीचा चित्र-प्रकार) करून घ्या, एमओव्ही फाइलमध्ये, आवाज पीसीएम. ८-बिट रंगाच्या क्लिपांना त्यातला एचक्यू दर्जा, १०-बिटला एचक्यूएक्स. प्रीमियरही ते विनातक्रार घेतो. मोबाइलचा फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) हलता असतो, फायली बदलतानाच तो २५ला बांधा, नाहीतर मंगलाष्टकं एकीकडे आणि ओठ दुसरीकडे.

हळदीचाकॅमेरा: दादा, जागा किती खाईल?

कटमास्तर: फुल एचडी, २५ फ्रेम, एचक्यू धरलं तर तासाला साधारण ८० जीबी. म्हणून आधी छाटा. जेवणाच्या पंगतीचं सगळं फुटेज बदलत बसू नका, कोणी बघत नाही.

रेंडरताई: मूळ फायली मात्र पुसू नका हं. आणि मोफत आवृत्तीतून लिनक्सवर एच.२६४ बाहेरही पडत नाही. फायनल डीएनएक्सएचआरमध्ये काढा, पार्टीला द्यायची एमपी४ एफएफएमपेगनेच बनवा.

हळदीचाकॅमेरा: एक क्लिप करून बघितली, चित्र आलं! बाकीच्या रात्रभर लावून ठेवतो.