डिस्ने वर्ल्ड: पार्कात न जाण्याच्या दिवशी काय करावे? मदत हवी आहे

वैतागवाडी
नमस्कार मंडळी. फ्लोरिडात ऑरलँडोला डिस्ने वर्ल्डला चाललोय. पार्कची तिकिटं चारच दिवसांची काढली, किमती बघून डोळे पांढरे झाले. मुक्काम त्याहून जास्त आहे. मधल्या रिकाम्या दिवसांत काय करायचं ते सुचवा. पार्क सोडून. सोबत साबा-साबू (सासूबाई-सासरे) आहेत. नेटवर सगळीकडे त्याच त्या 'टॉप टेन' याद्या. नवऱ्याने "तूच ठरव" म्हणून हात झटकलेत आणि मला उद्या रात्रीपर्यंत बुकिंग करून मोकळं व्हायचंय. प्लीज लवकर सांगा.

जर्सीकर_काका
सर्वप्रथम अभिनंदन! सकाळी गेट उघडायच्या आधी अर्धा तास पोचा. आत शिरल्यावर कुठेही न रेंगाळता सरळ स्पेस माउंटनची राइड गाठा. फास्टपास आधी काढून ठेवा म्हणजे रांगेत उभं राहावं लागत नाही. विमानतळावरून डिस्नेची बस फुकट असते, टॅक्सीवर पैसे घालवू नका.

ओट्यावरची
काका, फास्टपास २०२१ मध्येच मोडीत निघाला. आता लाइटनिंग लेन असते आणि तिला पैसे पडतात. ती विमानतळाची फुकट बसही २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. आणि मुख्य म्हणजे ताईंनी पार्क *सोडून* विचारलंय.

जर्सीकर_काका
आमच्या वेळी होतं बुवा सगळं. सल्ला द्यायचाच नाही का माणसाने?

टॅम्पातला_तात्या
वैतागवाडी, कधी जाताय? कुठे उतरताय? गाडी आहे का? मुलं केवढी? साबा-साबूंना चालवतं का? हे कळल्याशिवाय सांगणार काय, कप्पाळ?

वैतागवाडी
नाताळची सुट्टी हो, दुसरं कधी मिळतेय सगळ्यांना. हॉटेल डिस्नेचंच आहे. गाडी नाही, शिकागोहून विमानाने येतोय.

टॅम्पातला_तात्या
डिस्नेची हॉटेलं पंचविसाच्या वर आहेत तिथे. कुठलं?

वैतागवाडी
ते निमोवालं. आर्ट ऑफ ॲनिमेशन. सहा जणांत दोन बाथरूम मिळतात म्हणून फॅमिली स्वीट घेतला.

चकली_एक्सप्रेस
अगं मग हे आधी सांगायचं ना! तुमच्या दारातच स्कायलायनर आहे. रोपवे. २०१९ ला सुरू झाला, तिकीट नाही, पार्कचा पासही लागत नाही, कितीही वेळा बसा. तुमचं हॉटेल आणि समोरचं पॉप सेंच्युरी यांच्यामध्ये तळं आहे, त्यावरच्या पुलावर स्टेशन. कॅरिबियन बीच हॉटेलच्या स्टेशनला उतरून पाळणा बदलायचा आणि एपकॉट पार्कच्या लाइनवर बसायचं. शेवटच्या स्टेशनला उतरलात की पार्कच्या गेटाच्या *बाहेर* असता. आत जायचंच नाही. उलट दिशेला दहा मिनिटं चाललं की बोर्डवॉक. पाण्याकाठी लाकडी रस्ता, दिवे, दुकानं, आणि नाताळात सगळी सजावट. आमच्या आईला आख्ख्या ट्रिपमध्ये हेच सगळ्यात आवडलं होतं.
साबांना पाळण्यात चढायला जमेल का एवढं बघ. तो पूर्ण थांबत नाही, सरकत असतो. पण व्हीलचेअरवाल्यांसाठी बाजूला थांबणारे पाळणे असतात, तिथल्या माणसाला सांगितलं की झालं. विजा कडकडल्या की मात्र बंद.

आयटीतला_हमाल
रोपवेत बसायला फ्लोरिडाला जायचं? केनेडी स्पेस सेंटर करा, डोळे मिटून. अटलांटिस यान साक्षात समोर, पंख तिरपे करून टांगलंय, सामानाच्या कप्प्याची दारं उघडी. अंतराळात जाऊन आलेलं यान. नंतर त्यांच्या बसने सॅटर्न-५ बघायला नेतात, ते रॉकेट आडवं ठेवलंय आणि या टोकाकडून त्या टोकाकडे चालतच राहावं लागतं. त्यापुढे मिकी-बिकी किरकोळ. डिस्नेपासून तासा-सव्वातासाचा रस्ता.

ओट्यावरची
गाडी नाहीये त्यांच्याकडे. वाचत जा की वरचं.

आयटीतला_हमाल
वाचलं. एका दिवसापुरती भाड्याने घ्यायची. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना तिथलं रात्रीचं पार्किंगही २०२३ पासून फुकट आहे. अमेरिकेत राहून गाडी नको म्हणणारी माणसं मला कळतच नाहीत.

वैतागवाडी
साबूंना आवडेल हे. ते वीज मंडळातून निवृत्त झालेत, यंत्र दिसलं की पाटी वाचल्याशिवाय हलत नाहीत. पण साबांचा गुडघा. आणि धाकटी चार वर्षांची आहे, ती एवढं रॉकेट-रॉकेट बघणार का?

टॅम्पातला_तात्या
हे बघा, दर प्रतिसादाला एक नवीन माणूस बाहेर येतोय. धाकटी चारची, म्हणजे थोरलंही कोणीतरी आहे. ते केवढं?

वैतागवाडी
तेरा. मुलगा. त्याचं काही नाही, त्याला फोन दिला की झालं.

चकली_एक्सप्रेस
तेराव्या वर्षी फोन सगळ्यांनाच पुरतो गं, पण तुमच्या हॉटेलचा बिग ब्लू पूल डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलांमधल्या सगळ्यात मोठ्या पूलपैकी आहे, आणि पाण्याखाली स्पीकर आहेत. बुडी मारली की गाणं ऐकू येतं, डोकं वर काढलं की बंद! माझा भाचा तासभर नुसता वर-खाली करत होता. पाणी गरम केलेलं असतं, डिसेंबरमध्ये दुपारी चालतं. फक्त बाहेर आल्यावर वारा लागतो, टॉवेल हाताशी ठेव. एक अख्खी दुपार इथे घाल आणि दुसरं काहीच ठरवू नको. पार्कात सलग दोन दिवस तंगडतोड झाल्यावर तुम्हालाच ती लागणार आहे.

घाटावरचा_गणू
एवढे डॉलर घालवून पार्कात न जाण्याचं प्लॅनिंग! त्यापेक्षा खोपोलीला इमॅजिका करा आणि दुसऱ्या दिवशी महडचा वरदविनायक. साबाही खूश, पोरंही खूश. हलके घ्या.

जर्सीकर_काका
गणू, इमॅजिकाहून पाली किती लांब? पुढच्या वर्षी भारतात येतोय, बल्लाळेश्वरही करायचाय.

घाटावरचा_गणू
काका, ते खोपोली-पाली रस्त्यावरच आहे. त्याच रस्त्याने सरळ पुढे जायचं. सुधागडला चढणार असाल तर मात्र पावसाळा टाळा.

ओट्यावरची
धागा ऑरलँडोचा आहे हो.
वैतागवाडी, साबांचं खाण्यापिण्याचं काय? शाकाहारी?

वैतागवाडी
पूर्ण. अंडंही नाही. तेच मोठं टेन्शन आहे. मी रवा भाजून नेणार आहे, उपमा तरी होईल.

सांगलीची_हळद
आम्ही कुठेही गेलो तरी छोटा कुकर आणि विजेची शेगडी बॅगेत असतेच. खिचडी, मेतकूट, पापड. मुलांची पोटं बिघडत नाहीत.

आयटीतला_हमाल
एका हॉटेलात (नाव नको) आमच्या शेजारच्या खोलीत कोणीतरी फोडणी केली आणि मध्यरात्री सगळा मजला पार्किंगमध्ये उभा. थंडीत. फायर ब्रिगेड येईपर्यंत हिंगाचा वास येत होता. कृपया फोडणी नको.

सांगलीची_हळद
फोडणी घरून करून डबीत न्यायची असते. एवढं कळतं आम्हाला.

चकली_एक्सप्रेस
स्वीटमध्ये मायक्रोवेव्ह आणि फ्रिज आहे, उपम्याला तेवढं पुरे. आता खरी गंमत ऐक. ॲनिमल किंगडम लॉज नावाचं हॉटेल आहे. त्याच्या मागच्या कुरणात जिराफ, झेब्रे मोकळे फिरतात. हॉटेलात न राहताही बघता येतात. तिथेच सना नावाचं रेस्तराँ आहे, आफ्रिकी-भारतीय पद्धतीचं, आणि काचेतून तेच कुरण दिसतं. त्यांची ब्रेड सर्व्हिस मागव: नान, कुलचा आणि वाट्यांमधून चटण्या, रायता, लोणचं. अंड्याचं ऑर्डर देतानाच विचारायचं, ते नीट सांगतात. साबा नान खातायत आणि समोर जिराफ पाला खातोय, अजून काय पाहिजे? पार्कचं तिकीट शून्य.

ओट्यावरची
+१. पण टेबल आधी बुक करा. साठ दिवस आधी बुकिंग उघडतं आणि डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पोचायच्या तारखेपासून पुढच्या दहा दिवसांपर्यंतचं एकदमच करता येतं. नाताळात तर हे लागतंच. त्या दिवसांत काही हॉटेलं, विशेषतः मॅजिक किंगडम पार्कच्या आसपासची, खोलीचं किंवा जेवणाचं बुकिंग नसेल तर पार्किंगमध्ये गाडीच घेत नाहीत.
तुमच्या हॉटेलातून लॉजला थेट बस नाही. आधी ॲनिमल किंगडम पार्कची बस, तिथून लॉजची. दुपारी गेलात तर त्रास नाही.

टॅम्पातला_तात्या
आता माझं ऐका. मी इथे शेजारी राहतो म्हणून सांगतो. सुट्टीच्या आठवड्यात सगळ्यांना घेऊन सगळीकडे जायचा हट्ट सोडा. एक दिवस फाळणी करा. नवरा, साबू आणि तेरा वर्षांचा भाड्याच्या गाडीने केनेडीला. तुम्ही, साबा आणि चिमुरडी हॉटेलात आणि रोपवेवर. धाकटी मागे राहिली की गाडीत तिच्या बूस्टरचीही भानगड नाही. फ्लोरिडात पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना खास सीट लागतेच, टॅक्सीवाल्याकडे असेलच असं नाही. डिस्नेच्या बसमध्ये लागत नाही. लिफ्ट (Lyft) या टॅक्सीच्या ॲपवर मिनी माउसची ठिपकेवाली लाल गाडी बोलावली तर तिच्यात सीट असते, पण खिसा हलका होतो.
गाडी हातात असेल तर ब्लू स्प्रिंग स्टेट पार्कलाही जाता येईल. झऱ्याचं पाणी बारा महिने बावीस अंश, म्हणून थंडीत नदीतले मॅनाटी (समुद्रगाई) तिथे गोळा होतात. लाकडी पायवाट आहे, गुडघ्याला ठीक. अडचण एकच, पार्क भरला की गेट बंद करतात. सुट्टीत सकाळी अगदी लवकर.

आयटीतला_हमाल
तात्यांना अनुमोदन. म्हणजे शेवटी गाडी घ्याच म्हणताय ना?

टॅम्पातला_तात्या
एका दिवसापुरती म्हणालो. आठवडाभर नव्हे.

ओट्यावरची
साबांना ही फाळणी विचारली का कोणी? माझ्या साबांना मागे ठेवलं असतं तर पुढे वर्षभर ऐकलं असतं.

वैतागवाडी
आत्ताच विचारलं. म्हणाल्या, "मला रॉकेट नको, पण देऊळ आहे का तिथे?" आता हे नवीन.

जर्सीकर_काका
आहे! कॅसलबेरीला हिंदू सोसायटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाचं मंदिर. ऑरलँडोच्या उत्तरेला. मोठं आहे. डिस्नेहून पाऊण तास ते तास धरा. येताना ऑरेंज ब्लॉसम ट्रेलवरून आलात तर भारतीय दुकानं आणि जेवणही मिळतं. बघा, मलाही कामाचं सांगता येतं.

ओट्यावरची
काका, मानलं!

चकली_एक्सप्रेस
धाकटीला मिकी भेटवायचा असेल तर त्यालाही पार्क नको. रिव्हिएरा हॉटेलात टोपोलिनोज टेरेस आहे, सकाळच्या नाश्त्याला मिकी, मिनी, डोनाल्ड, डेझी टेबलाशी येतात. पुन्हा स्कायलायनरनेच, कॅरिबियन बीचच्या पुढचंच स्टेशन. महाग आहे, आधीच सांगते. साबांसाठी आणि चारच्या पोरीसाठी बिनअंड्याचं काय मिळेल ते बुकिंगमध्येच लिही.

सांगलीची_हळद
डिस्नेच्या फोर्ट वाइल्डरनेस कॅम्पग्राउंडला संध्याकाळी शेकोटी असते, चिप आणि डेल (कार्टूनमधल्या खारी) येतात, गाणी म्हणतात. फुकट. पोरांना मार्शमेलो भाजायला मिळतात. आम्ही गेलो होतो, छान वाटलं.

ओट्यावरची
मार्शमेलोत जिलेटिन असतं हं, म्हणजे प्राण्यांचं. साबांना देऊ नका. हवं तर भारतीय दुकानातून बिनजिलेटिनचे घेऊन जा, पाकीट नीट वाचून.
आणि या हॉटेलातून तिथे पोचायला आधी मॅजिक किंगडमची बस, तिथून बोट. गुडघा, थंडी आणि रात्रीची परतीची रांग. मी नसते नेलं.

सांगलीची_हळद
बोटीतूनच तर मजा! खाडीतून गेल्यासारखं वाटतं. आणि परत येताना तळ्यात दिव्यांची मिरवणूक दिसते, तरंगती. १९७१ पासून चालू आहे.

आयटीतला_हमाल
तळं आहे ते, खाडी नव्हे.

सांगलीची_हळद
वाटतं म्हणाले.

वैतागवाडी
बरं, थांबा सगळे. सनाचं दुपारचं टेबल मिळालं, टोपोलिनोजचं नाही मिळालं, रोज सकाळी ॲप उघडून बघणार, कोणी ना कोणी रद्द करतंच म्हणतात. केनेडीची फाळणी घरात मंजूर झाली. थोरला म्हणतोय मीही पूलवरच राहणार, स्पीकरचं ऐकल्यापासून. त्याला साबूंच्या ताब्यात देणार आहे. देवळाला टॅक्सीने जाऊ, बूस्टर घरूनच नेते. शेकोटी रद्द. साबांसाठी व्हीलचेअर कुठून आणायची?

टॅम्पातला_तात्या
हॉटेलच्या लॉबीत असतात, अनामत ठेवून देतात, परत केली की पैसे परत. पण मोजक्याच असतात. नाताळात भरवसा ठेवू नका. ऑरलँडोत भाड्याने देणारे बरेच आहेत, हॉटेलवर आणून देतात. आत्ताच ठरवून टाका.

वैतागवाडी
व्हीलचेअर म्हटल्यावर साबा रुसल्या आहेत. "मी काय म्हातारी झाले?" असं. बघते कसं पटवायचं ते.

ओट्यावरची
"पिशव्या ठेवायला घेतोय" सांगा. माझ्या आईला असंच पटवलं होतं. तिसऱ्या तासाला आपणहून बसली.