मदत हवी आहे: बिटकॉइनमधली शिल्लक ग्राहकाला दिसू नये, पण हिशेब चोख राहावा

परदेशातले काही ग्राहक कामाचे पैसे बिटकॉइनमध्ये देतात. करचुकवेगिरीचा विषय नाही. उत्पन्न विवरणपत्रात दाखवतो, विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के कर भरतो आणि विकतो ते एफआययूकडे (केंद्र सरकारची आर्थिक गुप्तवार्ता यंत्रणा) नोंदणीकृत भारतीय एक्स्चेंजवरच. तिथे १ टक्का टीडीएसही कापला जातो. सरकारपासून लपायचं नाही, आणि लपता येतं यावर विश्वासही नाही. २०२१ मध्ये कोलोनियल पाइपलाइन या अमेरिकी इंधनवाहिनी कंपनीने हॅकर्सना दिलेल्या खंडणीतले बरेचसे बिटकॉइन एफबीआयने माग काढून परत मिळवलेच की!

अडचण ग्राहकांची आहे. एक्सप्लोररवर (बिटकॉइनचे सगळे व्यवहार दाखवणारी सार्वजनिक वेबसाइट) माझा बिटकॉइन पत्ता टाकला की पुढचा व्यवहार कुणालाही दिसतो. मग दराची घासाघीस करताना समोरच्याला माझी जमा ठाऊक असते.

दर वेळी नवा पत्ता देतो. पण विकताना छोट्या रकमा एकाच व्यवहारात एकत्र केल्या की सगळे पत्ते एकमेकांना जोडले जातात. स्पॅरो या बिटकॉइन वॉलेटमध्ये कॉइन कंट्रोल (कोणती जमा खर्च करायची ते निवडायची सोय) वापरून प्रत्येक ग्राहकाची रक्कम वेगळी पाठवतो, मात्र त्यात फी फार जाते. मिक्सर (अनेकांचे कॉइन मिसळून माग पुसणारी सेवा) नको: एप्रिल २०२४ मध्ये अशी सेवा देणाऱ्या सामुराई वॉलेटच्या निर्मात्यांना अटक झाली, शिवाय एक्स्चेंज असे कॉइन अडवू शकतं. मोनेरो हे व्यवहार लपवणारं चलनही नको, ग्राहक देणार नाहीत.

आता लाइटनिंगवर (बिटकॉइनच्या मुख्य साखळीबाहेर, दोघांमध्ये उघडलेल्या चॅनलमधून पैसे देण्याघेण्याचं जाळं) पैसे घ्यायचा विचार आहे. कुणी तसं करतं का? चॅनल बंद करून मुख्य साखळीवर आलेली रक्कम विकताना एक्स्चेंजने स्रोत विचारला, तर इन्व्हॉइस आणि वॉलेटची नोंद पुरते का? आणि सीए खरेदीमूल्य कोणत्या दिवसाच्या भावाने धरतात: पैसे आले त्या, की चॅनल बंद केलं त्या?