मदत हवी: पॉपी घरात उगवते आणि मान टाकते (ग्वाल्हेर)

लष्करचा_गच्चीवाला: पॉपीचं बी ट्रेमध्ये दोनदा पेरलं. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा दहाव्या दिवशी उगवलं आणि चार दिवसांत रोपं आडवी. कोकोपीट, गांडूळखत, पाणी, सगळं व्यवस्थित आहे. काय चुकतंय? लवकर सांगा, नोव्हेंबर संपत आलाय.

कुंडीकर: "व्यवस्थित" म्हणजे काय? कोणती पॉपी, किती खोल, ट्रे कुठे, पाणी वरून की खालून?

लष्करचा_गच्चीवाला: पॉपी म्हणजे पॉपी हो. अर्धा इंच खोल. ट्रे फ्रिजवर, वर प्लास्टिक. पाणी रोज पिचकारीने.

कुंडीकर: मग दोन्ही उत्तरं इथेच आहेत. तुमची बहुधा शर्ली पॉपी, बागेत नेहमी लावतात ती. तिचं बी धुळीसारखं असतं, त्याला उजेड लागतो. अर्धा इंच म्हणजे गाडलंच की! एक चिमूट बी चार चमचे कोरड्या बारीक रेतीत मिसळा, ओल्या मातीवर भुरभुरा, नुसतं दाबा. तापमान १५ ते २० अंश. फ्रिजच्या माथ्यावर ऊब जास्त आणि उजेड नाही, म्हणून रोपं लांबुळकी होतात.
आडवी पडतात ती बुरशीने. देठ मातीलगत पाण्याळ आणि बारीक झाला असेल, बघा. अंकुर दिसताच प्लास्टिक काढायचं. पाणी खालच्या ताटलीतून, वीस मिनिटांनी उरलेलं ओतून टाका. पेरणीच्या मिश्रणात गांडूळखत नकोच. एलईडी ट्यूब रोपांपासून १५ सेंमीवर, रोज १२ ते १४ तास.

मुरारची_माळीण: आधी बी दोन आठवडे फ्रिजमध्ये ठेवा. वर नाही, आत.

कुंडीकर: वर्षायू पॉपीला त्याची गरज नाही. हंगाम चाललाय आणि तुम्ही दोन आठवडे खाताय.

मुरारची_माळीण: नुकसान तर नाही ना? सगळं एकसाथ उगवतं.

थेट_वाफ्यात: ट्रेचा हट्टच कशाला? पॉपीचं सोटमूळ दुखावलं की रोप रुसतं. गच्चीवर १० इंची कुंडीत थेट पेरा, मग २० सेंमीवर एक ठेवून बाकीची कात्रीने कापा. उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं.

कुंडीकर: कागदी कपात पेरून कपासकट लावलं तर मूळ दुखावत नाही. फक्त कपाची कड मातीवर ठेवू नका, वातीसारखी पाणी ओढते.

अनारसेवाली: एवढा खटाटोप कशाला? अनारशांवरची खसखस पेरा, तीही पॉपीच. स्वस्त.

थेट_वाफ्यात: ताई, ती अफूची! परवान्याशिवाय लावणं १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली गुन्हा आहे, एकच कुंडी असली तरी. परवाने मंदसौर-नीमचच्या शेतकऱ्यांना मिळतात, आणि ते देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं मुख्यालय आपल्याच ग्वाल्हेरात आहे. अनारसेच बरे.

अनारसेवाली: बरं बाई. पण अनारसे तळताना विरघळतात, त्यावर कुणी सांगेल का?

फुलदाणी: फुलं कापल्यावर देठाचं टोक दोन-तीन सेकंद मेणबत्तीवर धरा, चीक थांबतो, फुलं टिकतात.

कुंडीकर: आधी रोप तर जगू द्या! गच्चीवाले, पाकिटावर नाव काय आहे?

लष्करचा_गच्चीवाला: नुसतं "पॉपी मिक्स". बी धुळीसारखं नव्हतं, मोहरीपेक्षा थोडं बारीक, करडं. दोन रोपं उरलीत, पहिली पानं टोकाशी दुभंगलेली. बेचकीसारखी.

कुंडीकर: हे आधी सांगायचं! बेचकी म्हणजे कॅलिफोर्निया पॉपी. तिला उजेडाचं वेड नाही, वर ३ मिमी माती चालते. पण अर्धा इंच म्हणजे जवळपास १३ मिमी, तेवढं तिलाही जड. आणि तिला हलवणं फारच नडतं, तेव्हा इथे थेट_वाफ्यात यांचं खरं. उरलेलं बी आजच कुंडीत: दोन भाग माती, एक भाग रेती, खत जवळपास नाही. ती दोन रोपं मातीच्या गोळ्यासकट लावून बघा, आशा कमीच धरा.

थेट_वाफ्यात: स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

लष्करचा_गच्चीवाला: रेती नदीची की बांधकामाची?