जुना एम 416 मिलिटरी ट्रेलर मिळालाय: ओरिजनल ठेवू की ऑफरोडसाठी बदलू?

चिखलवाट

नमस्कार मंडळी,

लय दिवस ज्याच्या मागे होतो तो एम 416 ट्रेलर शेवटी मिळाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अमेरिकन आर्मीचा पाव टनी ट्रेलर, साठच्या दशकातला, जीपच्या मागे लावायचे तो. टब (सामान ठेवायचा पत्र्याचा डबा) बऱ्यापैकी शाबूत आहे पण तळाला दोन-तीन जागी पत्रा पापडासारखा झालाय, स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आत जातो. चासी हातोडीने ठोकून बघितली, आवाज खणखणीत येतोय, फक्त पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) मागच्या हँगरपाशी, म्हणजे पाटे चासीला टांगतात त्या ब्रॅकेटपाशी, जरा बद्द वाजतंय. डेटा प्लेट (माहिती कोरलेली मूळ पट्टी) जागेवर आहे, रंगाचे थर किती आहेत देव जाणे.

प्लॅन असा आहे की माझ्या जिम्नीच्या (सुझुकीची छोटी 4x4) मागे लावून जंगलातले रस्ते, ओढे, दगड वगैरे, म्हणजे हायवेपेक्षा कच्च्यावरच जास्त. वर रॅक करून तंबू, आत पाण्याची टाकी, छोटा फ्रिज. आता प्रश्न: पुढची लुनेट रिंग (हूकमध्ये अडकणारी लोखंडी कडी) काढून बॉल कपलर (गाडीच्या गोळ्यावर बसणारी वाटी) लावू का? चाकं जिम्नीचीच बसतील का, म्हणजे स्टेपनी एकच लागेल? आणि ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) पाट्यांच्या खाली घेऊन उंची वाढवायची का, कारण नेटवर बघावं तो हेच करतोय. एक मित्र म्हणतो फक्त टब ठेव, बाकी सगळं कापून नवीन चासी बनव. ते काही मनाला पटत नाहीये.

गंजलेला नट

अभिनंदन! चासीचं मित्राचं ऐकू नका, नीट असलेली चासी कापायची म्हणजे उगाच काम वाढवणं आहे.

मी फक्त पत्रा आणि रंगाबद्दल बोलतो कारण सगळे तिथेच घाई करतात. जुन्या मिलिटरी रंगात शिसं आणि क्रोमेट असतं. शिवाय 1980 च्या दशकापासून अमेरिकन आर्मीने केमिकल हल्ल्याला टिकणारा पॉलियुरेथेन रंग वापरायला सुरुवात केली, त्यात आयसोसायनेट असतात, आणि तुमचा ट्रेलर साठचा असला तरी नंतर तो रंग त्याच्यावर मारला गेलेला असू शकतो. हा रंग जळला की निघणारा धूर फुफ्फुसाला फार वाईट. त्यामुळे रंगावर थेट वेल्डिंग नाही, हीट गन नाही, कोरडं ग्राइंडिंग तर नाहीच. जिथे टाका मारायचा तिथला रंग आधी रिमूव्हर लावून ओला खरवडून काढा, चारी बाजूंनी हाताच्या पंजाएवढी जागा मोकळी करा, आणि तोंडाला रुमाल बांधून भागणार नाही, कार्ट्रिजवाला मास्क पाहिजे. निघालेला चोथा वर्तमानपत्रावर गोळा करून पिशवीत बंद करा, झाडून अंगणात सोडू नका.

सँडब्लास्टिंग चासी, ॲक्सल, हँगर याला बेस्ट. टबच्या मोठ्या सपाट पत्र्यावर करू नका, जास्त प्रेशरने मारलं की पत्रा फुगून लाटा येतात आणि मग त्या कितीही पुट्टी भरा दिसतातच.

तळाच्या भोकांवर वरून नवीन पत्रा चिकटवून टाके मारायचा मोह होईल, तसं केलं की दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी थांबतं आणि पुन्हा तेच. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापा, त्याच मापाचा तुकडा काठाला काठ लावून बसवा, टाका इकडे एक तिकडे एक असा, गार होऊ देत देत. हा टब मुळात पाणी आत येऊ नये असा बनवलेला, म्हणून तर तळाला ड्रेन प्लग आहेत. ते मोकळे आहेत का बघा. प्लग जाम झाले आणि पावसाचं पाणी साठत राहिलं म्हणूनच बहुतेक टब तळाला सडतात.

आणि हँगरपाशी बद्द वाजतंय म्हणजे दोन प्लेटींच्या मध्ये गंज धरलाय. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो म्हणून तो प्लेटी आतून फाकवत जातो, वरून रंग छान दिसत असला तरी. तो हँगर उघडून बघितल्याशिवाय बाकी कशालाच हात लावू नका असं मी म्हणेन, सगळा लोड तिथून जातो.

टोचन

वरचं सगळं मान्य. आता हूक.

कच्च्यावर साधा बॉल कपलर नको. गाडीचं एक चाक दगडावर आणि ट्रेलरचं उलट्या बाजूचं खड्ड्यात असं झालं की कपलर बॉलवर पिळतो, त्याची फिरायची एक मर्यादा असते, ती संपली की जोर हूकच्या ब्रॅकेटवर आणि चासीवर येतो. ट्रेलर आडवा झालाच तर गाडीला पण सोबत घेऊ शकतो. लुनेट रिंग आणि पिंटल हूक (रिंग पकडणारा, गाडीवरचा जबड्यासारखा हूक) हे कॉम्बिनेशन आर्मीने मुद्दाम ठेवलंय, सगळ्या दिशांनी वळतं, चिखल भरला तरी अडत नाही आणि अंधारात पण लावता येतं. तोटा एकच, खडखडाट. रिंग आणि हूकमध्ये गॅप असतो, ब्रेक मारला की धाड, सोडला की धाड. हायवेवर डोकं उठतं.

दोन्ही पाहिजे असेल तर तीन दिशांना फिरणारे ऑफरोड कपलर मिळतात, मॅक्स कपलर, लॉक अँड रोल, ऑस्ट्रेलियन लोकांचा डीओ 35 वगैरे. गॅप नाही म्हणून आवाज नाही. पण तुमचा वापर कच्च्यावर जास्त म्हणताय तर माझं मत पिंटल. रिंगचा दांडा त्याच्या घरात फिरतोय का ते मात्र बघा, पुष्कळ वेळा वर्षानुवर्षं ग्रीस न मिळाल्याने जाम असतो. रिंग एका बाजूने झिजून पातळ झाली असेल तर बदलाच. सेफ्टी चेन दोन, ड्रॉबारखाली (ट्रेलरच्या पुढच्या ओढदांड्याखाली) क्रॉस करून, म्हणजे हूक सुटलाच तर ड्रॉबार जमिनीत न रुतता चेनवर पडेल.

चाकं: एम 416 चं पीसीडी (चाकाच्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) 5 बोल्ट साडेपाच इंच, म्हणजे 139.7 मिमी, आणि जिम्नीचं पण तेच 5 बाय 139.7, त्यामुळे अर्धी लढाई जिंकलेली आहे. पण ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते) आणि मधलं भोक तपासा. बोल्ट जुळले म्हणजे रिम ड्रमला घासणार नाही असं नाही, आणि ट्रेलरचा हब मधून जायला पाहिजे. ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांच्या मागावरून गेली पाहिजेत, वाळूत आणि चिखलात याचा जो फरक पडतो तो अनुभवल्याशिवाय कळत नाही, नाहीतर ट्रेलर स्वतःची वेगळी चाकोरी कापत बसतो आणि गाडीला ते ओढावं लागतं. त्यासाठी जाडजूड स्पेसर मात्र लावू नका, बेअरिंगवर लोड बाहेरून यायला लागतो.

ऑलिव्ह ग्रीन

माझं थोडं वेगळं. जे काही कराल ते नटबोल्टने करा, परत काढता येईल असं. रॅकसाठी टबच्या काठाला वेल्डिंग करू नका, क्लॅम्प किंवा आतून प्लेट देऊन बोल्ट. डेटा प्लेट काढून नीट ठेवा, रंगवून झाल्यावर परत लावा. उद्या विकायचा झाला तर कापाकापी न केलेल्यालाच कोणी विचारतं.

वायरिंग 24 व्होल्टचं आहे आणि प्लग बारा पिनी, ते जिम्नीला लागणार नाही. लाइटांची मूळ घरं ठेवून आत 12 व्होल्टचे बल्ब टाकता येतात, किंवा सरळ एलईडी. अर्थची वायर वेगळी ओढा. हूकमधून अर्थ मिळतो असं गृहीत धरलं की ग्रीस आणि गंजामुळे लाइट कधी लागतो कधी नाही, आणि मग लोक बल्ब बदलत बसतात.

अजून एक, तुम्ही चाकं बदलणार आहात तरी कोणी हे वाचून महायुद्धातला जीपचा ट्रेलर घेतला तर म्हणून सांगतो. त्या काळात दोन तुकडे नटबोल्टने जोडलेली कॉम्बॅट रिम असायची. टायरमध्ये हवा असताना ते जोडाचे नट सोडले तर रिम तोंडावर येते. आधी हवा पूर्ण काढा, व्हॉल्व्हचा पिन काढून. आणि जुन्या जीपांच्या डाव्या बाजूच्या स्टडला उलटे आटे असायचे, टोकावर एल अक्षर कोरलेलं असतं, तसे दिसले तर पाईप लावून जोर करण्याआधी बघा की नट नक्की कुठल्या दिशेला सुटतो.

चिखलवाट

वा, एकदम कामाची माहिती. हँगर उघडतोच आधी. पिंटल पण पक्का. पण ॲक्सल खाली घ्यायचं कोणीच काही बोललं नाही. जिम्नी थोडी लिफ्ट केलेली आहे, म्हणून ट्रेलर पण वर पाहिजे ना?

टोचन

मुद्दाम टाळलं होतं, भांडणं होतात यावर 😄

ॲक्सल पाट्याखाली घेतल्याने टब वर जातो, ॲक्सल आहे तिथेच राहतो. ॲक्सलखालची जागा फक्त टायरच्या उंचीने वाढते. आणि ट्रेलरला डिफरन्शियल (इंजिनचा जोर चाकांना वाटणारा गिअरचा गोळा) नाही, सरळ नळी आहे. चाकं सारखी असतील तर जिम्नीचा डिफचा गोळा जिथून निघाला तिथून ही नळी आरामात निघणार. मग टब वर नेऊन मिळवलं काय? वर तंबू, रॅक, सगळं वजन अजून उंच, आडव्या उतारावर ट्रेलर आधी पडणार.

गंजलेला नट

टोचन भाऊ, एवढं सरसकट नको. ड्रॉबारचं तोंड आभाळाकडे असेल तर टब मागे कलतो, वजन मागे सरकतं आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. तेवढ्यासाठी वर घेणं बरोबर आहे. आधी नवीन चाकं लावा, भरलेला ट्रेलर गाडीला जोडा, ड्रॉबारवर लेव्हल ठेवा. सरळ किंवा किंचित पुढे झुकलेला असेल तर ॲक्सलला हात लावू नका. तोंड वर असेल तर गाडीकडचा हूक खाली घेता येतो का बघा, ते स्वस्तात होतं. त्यानंतरही नाहीच जमलं तर ॲक्सल. ते करताना पाट्यांच्या बैठका ॲक्सलला वेल्ड कराव्या लागतात, एकदम भरभर वेल्ड ओढला तर नळी वाकते आणि टायर एका बाजूने खायला लागतात. यू-बोल्ट नवीनच घ्या, जुने परत ताणायचे नसतात.

टोचन

हे मान्य, लेव्हलसाठी असेल तर ठीक. दिसण्यासाठी करतात त्याला माझा विरोध.

आता वजन, कारण तुमची लिस्ट बघून मला तीच काळजी आहे. या ट्रेलरचं रिकामं वजन साधारण 260 किलो, आणि कच्च्यावरचा लोड 500 पौंड, म्हणजे 225 किलोच्या आसपास. तंबू आणि रॅक 90 धरा, 60 लिटर पाणी टाकीसकट 70, फ्रिज आणि बॅटरी 50. झाले 210, अजून एक भांडं नाही टाकलं. पाण्याची टाकी ॲक्सलच्या किंचित पुढे, तळाला. जेरीकॅन आणि स्टेपनी ड्रॉबारवर लटकवू नका, ड्रॉबारवरचा दाब एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के पाहिजे, भरून साधारण 480 किलो झाला तर 48 ते 72, आणि जिम्नीसारख्या छोट्या गाडीला त्याहून जास्त झाला की मागचं बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात.

चिखलवाट

घरातला वजनकाटा चालेल का दाब मोजायला?

टोचन

चालेल. काटा कमी पडला तर एक फळी घ्या, एक टोक विटेवर एक टोक काट्यावर, आणि ड्रॉबार विटेपासून एक तृतीयांश अंतरावर टेकवा. काट्यावर येईल त्याच्या तिप्पट दाब, फळीचं वजन आधी वजा करून. फळी आडवी लेव्हलला पाहिजे आणि ड्रॉबार जोडल्यावर जेवढा उंच असतो तेवढाच.

ऑलिव्ह ग्रीन

ब्रेकचं कोणी बोललं नाही म्हणून. साध्या एम 416 ला चालताना लागणारे ब्रेक नाहीत, फक्त पार्किंगचा आहे. जिम्नीच्या मॅन्युअलमध्ये ब्रेक नसलेला ट्रेलर किती किलोपर्यंत ओढायचा ते वेगळं दिलेलं असतं, ब्रेकवाल्या आकड्यापेक्षा ते बरंच कमी असतं, लोक मोठा आकडा बघून खूश होतात. भरून 480 होत असेल आणि मॅन्युअलमधला आकडा त्याच्या खाली असेल तर इलेक्ट्रिक ब्रेकचा ॲक्सल बघा. धक्क्यावर चालणारे ब्रेक खडकाळ उतारावर नको तेव्हा लागतात, त्यापेक्षा गाडीत कंट्रोलर असलेला बरा. मूळ ॲक्सल मात्र भंगारात देऊ नका.

चिखलवाट

मॅन्युअल काढलं, 480 तर त्याच्या वर जातंय. म्हणजे ॲक्सल तसाही बदलायचाच आहे. मग जिम्नीच्या ट्रॅकएवढाच (डाव्या-उजव्या चाकांतल्या अंतराएवढाच) मापाचा बनवून घेतो, स्पेसरचा प्रश्नच मिटला. आधी हँगर उघडतो आणि आतले फोटो टाकतो.